धुम्यावरची कणीक

मी मस्कतला निघाले तो गुरुवार होता आणि आईचे दोन्ही हात कणकेत होते. जीप दारात उभी होती. संपत, माझा धाकटा भाऊ, बॅगा मागं टाकून दोरीनं बांधत होता. मी पाया पडायला वाकले तेव्हा आईनं हात तसेच वर धरून मनगटांनी माझा चेहरा जवळ ओढला. "कपडे खराब होतील," म्हणाली. तरी माझ्या नव्या कुर्त्याच्या खांद्यावर कणकेचा बोटभर ठसा राहिलाच. घोटीला चहाला थांबलो तोवर तो वाळून कडक झाला होता. विमानात शेजारच्या बाईनं इंग्रजीत सांगितलं, खांद्यावर काहीतरी लागलंय. मी म्हटलं, माहीत आहे.

ती कणीक पोळ्यांची नव्हती. वडील, म्हणजे आमचे दादा, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. दिवसभर मळ्यात झेंडू, शेवंती, नाहीतर मेथी-कोथिंबीर, आणि गुरुवारी संध्याकाळी घरामागच्या दत्ताच्या देवळात भजन. पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई कायमची बसवलेली असते. डाव्या तोंडाला, धुमा म्हणतात त्याला, वाजवण्याआधी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. तेव्हा कुठं त्याचा आवाज खाली उतरतो आणि घुमतो. भजन संपलं की कणीक खरवडून काढायची, पुढच्या गुरुवारी नवी. सैल झाली तर आवाज भद्द येतो. घट्ट झाली तर लवकर वाळते आणि धुमा मधेच टणटणायला लागतो. आमच्याकडं ती मळायची आईनंच. कानाच्या पाळीइतकी मऊ, हे तिचं माप. मळता मळता खरंच एकदा पाळी चाचपून बघायची, त्यामुळे दर गुरुवारी तिच्या कानाला पीठ असायचं.

मंडळातल्या कुणी दादांची तारीफ केली की ते म्हणायचे, "धुमा माझा नाय, हिचा हाय." आई आतून उत्तर द्यायची, "मला काय कळतंय त्यातलं. मी आपली कणीक मळते."

दादांनी मला वाजवायला शिकवलं नाही. मुलीनं मांडीवर पखवाज घेऊन बसायचं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नसावं. ऐकायला मात्र शिकवलं. वाद्य लावताना मला समोर बसवायचे, पेटीचा सूर धरून ठेवायला सांगायचे आणि थाप मारून विचारायचे, "सांग, वर हाय का खाली?" मी म्हणायची, खाली. मग वाद्या ताणणारा लाकडी गठ्ठा हातोडीनं ठोकायचा. "आता?" किंचित वर. "आधी कान, मग हात," हे त्यांचं पालुपद. माझ्या वाट्याला फक्त कान आला, हात संपतला मिळाला, आणि संपतचा हात म्हणजे काय सांगावं, झांजसुद्धा त्याच्याकडं देताना लोक दोनदा विचार करायचे. मला त्याचा फार राग यायचा. पुढं नर्सिंग केलं, नाशकात दोन वर्षं नोकरी केली, आणि मस्कतच्या एका दवाखान्याचं पत्र आलं.

तिथं फ्लॅटमध्ये आम्ही तिघी. दोघी मल्याळी. त्यांचं आपसात अखंड मल्याळम चालायचं. माझ्याशी बोलायला त्या हिंदीत यायच्या, पाहुण्यांसारख्या, आणि पुन्हा आपल्या घरी जायच्या. वाईट नव्हत्या, उलट फार चांगल्या होत्या. पण दिवसच्या दिवस माझ्या तोंडून मराठीचा शब्द निघायचा नाही. खोलीतला एसी काळी दोनच्या जरा खाली गुणगुणायचा. वॉर्डातले मॉनिटर प्रत्येक आपल्या सुरात, तालाशी कुणाचं देणंघेणं नाही. मी ते सगळं ऐकत बसायची, कारण ऐकण्याखेरीज मला काही येत नव्हतं. आपण किती एकट्या आहोत हे मी घरी कधी कळवलं नाही. फोनवर 'मजेत' म्हणायचं हा तिकडं गेलेल्या सगळ्यांचा नियम आहे. मागं राहिलेलेही तोच पाळतात, हे मला उशिरा कळलं.

दोन-तीन महिन्यांनी सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाबरोबर तरी संपत गुरुवारच्या भजनाची कॅसेट पाठवायचा. शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीला, दुपारी दोघी मल्याळी मैत्रिणी चर्चला गेल्या की मी टेप लावायची. पहिल्या वेळी नुसती रडले, ऐकू काहीच आलं नाही. नंतर एकेक पदर सुटा करायला लागले. पेटीचा भाता फाटका, त्यामुळे लांब सुराच्या शेवटी बारीक फुस्स यायची. झांजांची एक जोडी तडकलेली, तिचा नाद दुसरीच्या आधी विझायचा. मागं धरणारे अर्ध्या मात्रेनं उशिरा, कारण निम्मे दिवसभर मळ्यात वाकून आलेले. गवळण लागली की सगळ्यांना एकदम जाग यायची, ठेका चुरचुरीत व्हायचा, हसू आवरत गातायत हे ऐकू यायचं. आणि शेवटी भैरवी. चार सूर आपापल्या जागेवरून जरासे खाली सरकतात, बस एवढंच घडतं, पण उठून निघायची वेळ झाली हे छातीला कळतं. भैरवी लागली की मी टेप बंद करायची. निघणं एकदा झालं होतं, पुन्हा नको होतं.

या सगळ्याच्या तळाशी धुमा. छोट्या टेपवर तो खरं तर नीट उमटत नाही. मी टेप फरशीवर ठेवून शेजारी आडवी व्हायची, म्हणजे तो पाठीला कळायचा. दादांची थाप आणि त्याखाली आईची कणीक, दोन्ही.

तिसऱ्या वर्षी एक कॅसेट आली आणि पहिल्याच थापेला मी उठून बसले. धुमा उतरलाच नव्हता. वरवरचा, पोकळ. वाटलं, टेपची मोटर बिघडली. पण मग पेटीही वर सरकली असती. पेटी जागच्या जागी, तीच फुस्स. उजवी बाजूही पेटीला मिळालेली. बिघडला होता फक्त धुमा. दुसरा अभंग निम्मा झाला आणि तो टणटणायला लागला. मग पखवाज थांबला आणि काही वेळ नुसत्या झांजा. दादा कणकेला पाण्याचा हात लावत असणार. भजन चालू असताना दादा थांबलेले मी जन्मात ऐकले नव्हते. पुन्हा सुरू झाले तेव्हा आवाज भद्द.

मी रिवाइंड करून चार वेळा ऐकलं. हे आईच्या हातचं नव्हतं.

आणि मग आठवलं, दोन महिन्यांत आईशी फोनवर बोलणं झालेलं नाही. आई मळ्यात गेलीय. आई देवळात गेलीय. आई आत्ताच झोपलीय. मी उलट रुसले होते, लेकीसाठी हिला पाच मिनिटं नाहीत म्हणून.

खाली जाऊन फोन लावला. दादांनी उचलला. मी 'कसे आहात' विचारलंच नाही.

"दादा, कणीक कुणी मळली?"

ते म्हणाले, "मंदानं." मंदा म्हणजे संपतची बायको.

"आई कुठं आहे?"

"हितंच हाय. पण तिला बोलता येत नाय, बाळा."

झेंडू खुडता खुडता ती बांधावर कोसळली होती. पहिल्या दिवशी जीभ थोडी जड होती, पण शब्द कळत होते. तेवढ्यात तिनं सगळ्यांकडून शब्द घेतला, पोरीला कळवू नका, नोकरी टाकून येईल. दुसऱ्या दिवशी उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेलं. त्या दोन महिन्यांत मी रोज ड्युटीवर परक्यांच्या आयांचे हात धरून त्यांना व्यायाम देत होते. एकीची बोटं हलली तेव्हा पेढ्यांऐवजी खजूर वाटले होते. एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो काढायचा ती सगळी माणसं समुद्रापलीकडं.

तीन आठवड्यांची रजा मिळाली. आई आतल्या खोलीत खाटेवर होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला पाहून तिनं डावा हात कपाळाला लावला, आलीसच का शेवटी, अशा अर्थानं. नंतर तो हात माझ्या गालावरून काढेना.

त्या गुरुवारी मंडळ आमच्याच ओट्यावर बसलं. मी परात घेऊन कणीक मळायला बसले. झाल्यावर आईपुढं धरली. तिनं डावी बोटं त्यात रुतवली, मग स्वतःच्या कानाची पाळी चाचपली आणि मान हलवली. नाही. मी पाण्याचा हात लावून पुन्हा मळली. नाही. तिसऱ्यांदाही नाही. चौथ्यांदा तिनं पाळीला हात लावला आणि तो खाली ठेवला.

संपतनं नेहमीसारखं कॅसेटवर रेकॉर्डिंग सुरू केलं. दादांनी गोळा धुम्यावर थापला, चहूकडून चेपला आणि पहिली थाप मारली. आतून आईचा आवाज आला. "हं."

दादांचा हात तिथंच थांबला. त्यांनी दाराकडं पाहिलं. मग ठेका धरला.

ती आयुष्यभर चुलीपाशी बसून दर गुरुवारी देवळातल्या त्या पहिल्या थापेची वाट बघत असणार. आणि वर म्हणायची, मला काय कळतंय त्यातलं. घरात दादांचा कान मी एकटीनंच उचलला, असा माझा गर्व होता. तो कान कुणाचा होता ते त्या संध्याकाळी कळलं.

परतायच्या आदल्या दिवशी दादांना विचारलं, "धुमा बिघडलाय हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

"लय कळलं होतं."

"मग ती कॅसेट पाठवली कशाला?"

दादा शेवंतीच्या जुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "तिला शबुद दिला होता, सांगणार नाय म्हून. वाजवणार नाय असा नव्हता दिला."

मला राहायचं होतं. आईनं डाव्या हातानं बॅगेकडं बोट दाखवलं, दोनदा. मी गेले. ती पुढं सव्वा वर्ष जगली. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. दादांनी त्यानंतर पखवाज खुंटीवरून काढला नाही, आणि संपतनंही कधी काढा म्हटलं नाही. तो आता अंबडला कंपनीत जातो. निम्म्या मळ्यात प्लॉट पडले.

मध्यंतरी सगळ्या कॅसेट सीडीवर करून घ्यायला नाशकातल्या एका दुकानात दिल्या. दुकानदार चांगला माणूस. आवाज स्वच्छ करून देतो म्हणाला. त्या गुरुवारची टेप लावून म्हणाला, "ताई, इथं सुरुवातीला कुणीतरी खाकरलंय. काढून टाकतो."

"ते राहू द्या," मी म्हटलं. "बाकी काहीही काढा."

लहानमोठ्या अठरा कॅसेट आहेत. एक सोडून सगळ्यांत आईचा नाहीतर तिनं शिकवलेला हात आहे. तिचा आवाज फक्त त्या गुरुवारच्या कॅसेटमध्ये. इथं मस्कतला कुणी नवीन मुलगी आली की मला विचारते, सिस्टर, तुमचं घर कुठं. मी नाशिक सांगते, ते खरंही आहे. पण घरी जायचं झालं की मी शुक्रवारी दुपारी फरशीवर आडवी होते आणि ती सीडी लावते. एक थाप पडते. मग आई "हं" म्हणते. दादा थांबतात, आणि ते थांबतात तेवढा वेळ मी घरी असते.