नावाशेजारी वय

चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून मी शोभेची लाकडी फळं-भाज्या रंगवते. माहेरी सावंतवाडीला शिकले, लग्न होऊन मालवणला आले तरी सोडलं नाही. कातारी पांगाऱ्याच्या लाकडाची फळं कातून देतो, मी रंग देते, मुलगा बाजारातल्या आमच्या दुकानात विकतो. गेल्या वर्षी त्याने माझी कुंचल्यांची पेटी माळ्यावर टाकली.

"आये, आता पुरे. तुझो हात कापता. मिरची परत इली."

गिऱ्हाइकाने परत केलेली मिरची बघितली. चकाकीची पांढरी रेघ वाकडी आली होती. त्याचं खरं होतं. पण दिवसभर मी करायचं काय? देव देव मला जमत नाही आणि टीव्हीपुढे झोप येते.

नात चित्रकला शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिने मोबाइलवर एका बाईची चित्रं दाखवली. फुलं, फळं, पानावर किडा. वेंगुर्ल्याला ज्या डच लोकांची पडकी वखार आहे, त्यांच्यातली ही बाई, अठराव्या शतकातली. बापाने घरात किडे-पाखरं जपून ठेवलेली, ती बघत मोठी झाली. नवराही चित्रकार. पोरं दहा.

"दहा? मगे रांधी कोण गो?"

"चाकर असतले."

"मगे माका कित्याक सांगतंस? माझे चाकर खंय आसत?"

नात हसली. म्हणाली, ही बाई ऐंशी उलटल्यावरही रंगवायची आणि चित्रावर नावाशेजारी आपलं वय लिहायची.

हे मात्र डोक्यात राहिलं. नातीला वाटतं, ती मिरवत होती. असेलही. मला वाटलं, ती घेणाऱ्याला सांगत होती की हात एवढा जुना आहे, बघून घे. चित्र वाईट असतं तर वय वाचून कोणी घेतलं नसतं. तरी तिने लपवलं नाही, एवढं मला पटलं.

मी मुलाला म्हटलं, "माझी रंगवून उरलेली फळां वेगळी ठेव. पाटीर माझा वय लिही."

"लोक फळां घेवूक येतत, तुझा वय इचारूक नाय."

"इचारूच्या आधीच सांग. कोणी घेतल्यान नाय, तर पेटी तुझी. घेतल्यान, तर खाली काढ."

कुरकुरत त्याने पाटी लावली. वांगी गेली, सीताफळं गेली. सीताफळाच्या खवल्यांत कापरा हात दिसत नाही. मिरच्या पडून राहिल्या. मी दुकानात बसले होते तेव्हा एका बाईने मिरची उचलली, पाटी वाचली, मिरची खाली ठेवली आणि वांगं घेतलं. मला राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

पेटी खाली आली. मिरच्या आता सून रंगवते. तिची रेघ सरळ येते, पण रंग जाड लावते. ते मी तिला सांगते आणि तिला आवडत नाही.