न ऐकता मोजलेली गाणी

माझ्या सासूबाईंनी या शतकात खपलेलं रॉकचं प्रत्येक सिंगल मोजलं आणि त्यातलं एकही धड ऐकलं नाही. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याने मला हे सांगितलं, तर मला वाटलं पठ्ठ्या फेकतोय. आता लग्नाला आठ वर्षं झाली आणि मी शपथेवर सांगते, खरं आहे.

शतक सुरू झालं त्याच वर्षी त्या मोजणी कार्यालयात लागल्या. चपलांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला तीन खोल्या, एक रडकं कपाट, आणि खालून सतत येणारा चामड्याचा वास. आठवडाभरात कुठल्या दुकानात कुठल्या सिंगलच्या किती प्रती खपल्या, याचे तक्ते तिथे येत. सिंगल म्हणजे अख्खा अल्बम नव्हे, सुटं विकलेलं एकच गाणं. सासूबाईंकडे रॉकचं टेबल होतं. शुक्रवारी चारच्या आत त्या शंभर सिंगलांची यादी क्रमाने लावून सही करायच्या, आणि शनिवारी सकाळपासून पोरंपोरी त्या यादीवरून एकमेकांच्या उरावर बसायची. प्रत्येक सिंगलला कंपनीने दिलेला एक नंबर असायचा, आणि सासूबाई गाण्यांना त्या नंबरानेच ओळखायच्या. "पाचशे बारा अजून खपतंय, चिवट आहे मेलं," असं त्या जेवताना म्हणाल्या की सासरे मान डोलवायचे. कुणाला वाटावं शेजारच्या आजोबांच्या तब्येतीची चौकशी चालली आहे.

ऐकायचं नाही हा नियम त्यांना कुणी घातला नव्हता. तो त्यांनी स्वतःच घालून घेतला. त्यांच्या आधी त्या टेबलावर एक गृहस्थ होते, त्यांना एक गाणं फार आवडायचं. आवडता आवडता त्यांनी एका आठवड्यात त्या गाण्याच्या नावावर हजार प्रती जास्तीच्या चढवल्या आणि नोकरी घालवून बसले. सासूबाई त्याच खुर्चीत बसल्या, त्यांनी पहिल्याच दिवशी कानाला खडा लावला. जे मोजायचं ते ऐकायचं नाही.

बोलायला सोपं आहे. गाणं काय, बसमध्ये वाजतं, दातांच्या डॉक्टरकडे वाजतं, भाजीच्या दुकानात वाजतं. कानात बोटं घालण्याचा तमाशा सासूबाईंना चालणारा नव्हता. त्या मनातल्या मनात एकोणीसचा पाढा म्हणायच्या. मोठा गिटारचा गदारोळ असेल तर एकोणतीसचा. त्यांचे ओठ हलताना पाहून दुकानदारांना वाटायचं, बाईंना गाणं तोंडपाठ आहे. एकाने तर कौतुकाने आवाज वाढवला होता.

अमुक गाणं रॉक आहे की नाही, हे ठरवायला कार्यालयात तिघांची समिती बसायची. एक म्हातारे ड्रमवाले, एक रेडिओवाले आणि एक संगीताचे मास्तर. तिघांचं एका गाण्यावर एकमत झालेलं कुणी पाहिलं नाही. ते गाणं लावायचे तेव्हा सासूबाई आपले कागद उचलून जिन्यात जाऊन बसायच्या. भांडणाचा आवाज खाली चपलांच्या दुकानात पोचला की त्या दार ढकलून विचारायच्या, "झालं का? रॉक की बिनरॉक?" पुढे दुकानं कमी झाली, गाणी फोनवर आली, आणि इतक्या वेळा ऐकलं म्हणजे एक प्रत खपली असं कोष्टक निघालं. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. "ऐकणं म्हणजे विकत घेणं कसं?" म्हणतात. मी म्हटलं, "आणि न ऐकणं म्हणजे काय, आई?" तर म्हणाल्या, "ते म्हणजे नोकरी."

इथपर्यंत गंमत आहे. आता माझ्या नवऱ्याचं सांगते.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. पण तेरा वर्षांपूर्वी, चोवीसचा असताना, त्याचा आणि त्याच्या दोन मित्रांचा मिळून एक रॉक बँड होता, आणि त्या बँडचं एक सिंगल निघालं. गाणं त्याचं, आवाज त्याचा. दुकानात त्याची पुठ्ठ्याच्या पाकिटातली सीडी आली, ती मी विकत घेतली. तेव्हा आमची ओळखही नव्हती. पुढे ओळख झाली ती त्या गाण्यावरूनच, त्यामुळे मला ते गाणं वाईट म्हणता येणार नाही, आणि मी म्हणणारही नाही.

त्या आठवड्यात त्याच्या चारशे एक्केचाळीस प्रती खपल्या. यादीत शंभराव्या नंबरावर यायला चारशे सत्तावीस लागत होत्या. म्हणजे पोरगा यादीत आला होता. कार्यालयातल्या साहेबांनी सासूबाईंना समजावलं, "बाई, या आठवड्यात रॉकची यादी दुसऱ्या कुणाला करू दे." त्या म्हणाल्या, "दुसरा कुणी माझं तोंड बघून करेल." आणि तक्ते घेऊन बसल्या.

एका दुकानाच्या तक्त्यात एकाच शनिवारी एकतीस प्रती दिसल्या. बाकी दुकानांत दोन, तीन, फार तर पाच. सासूबाईंनी फोन लावला. दुकानातली मुलगी म्हणाली, "बाई, माणूस एकच होता. आधी टोपी घालून आला, मग टोपी काढून आला, मग छत्री घेऊन. ऊन होतं तरी. आणि दर वेळी जाताना 'तब्येतीला जपा बरं का' म्हणून गेला."

'तब्येतीला जपा बरं का' असं जगात एकच माणूस अनोळखी लोकांना सांगत फिरतो, आणि तो सासूबाईंच्या घरात राहतो.

कार्यालयाचा नियम असा की एका माणसाने एका दुकानातून कितीही प्रती घेतल्या तरी मोजायची एकच. सासूबाईंनी तीस खोडल्या. राहिल्या चारशे अकरा. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी जेवायच्या टेबलावर, पातेल्यावरचं झाकण काढता काढता सांगितलं, "यांनी एकतीस घेतल्या, मी तीस खोडल्या. तू यादीत नाहीस." सासरे ताटात तोंड खुपसून बसले. नवरा हसला म्हणे, "बरोबर आहे आई" असंही म्हणाला. पण त्यानंतर त्याने दुसरं गाणं केलं नाही. बँड मोडला, गिटार कपाटावर गेली, आणि तो लिफ्टच्या कामाला लागला. त्याला विचारलं की म्हणतो, "छे गं, तसं काही नाही." तसंच होतं.

मला राग खोडण्याचा नाही. नियम तो नियम. मला राग होता तो न ऐकण्याचा. आमच्या लग्नात त्याने ते गाणं म्हटलं तेव्हा सगळा हॉल गप्प होऊन ऐकत होता, आणि माझ्या सासूबाई बाहेर लोकांच्या गाड्या नीट लावल्या आहेत का ते बघत होत्या. मी नवी सून, मूग गिळून बसले. पण विसरले नाही.

यंदा त्या निवृत्त होणार होत्या. जायच्या आधी कार्यालयाने त्यांच्यावर एक शेवटचं काम टाकलं. शतकाची पहिली पंचवीस वर्षं सरली होती, तर आजवर सर्वांत जास्त खपलेल्या शंभर रॉक सिंगलांची यादी करायची. म्हणजे त्यांची सगळी नोकरी एका कागदावर. दोन महिने त्या खपत होत्या. जुने तक्ते काढले, फोनवरचं कोष्टक लावलं, तीनदा बेरजा केल्या. चौथ्या नंबरावरचं गाणं रॉक आहे की नाही यावर समितीचा असा खडाजंगी वाद झाला की ड्रमवाले आजोबा कवळी काढून बोलायला लागले. सासूबाई जिन्यात.

घरात मात्र वेगळीच धाकधूक चालली होती. शेवटची सही झाली की नियम संपला. मग त्या ऐकणार. सासरे रोज विचारायचे, "आधी कुठलं ऐकणार गं?" त्या म्हणायच्या, "आधी काम होऊ दे." माझ्या नवऱ्याची पाचावर धारण बसली होती. एका रविवारी भांडी पुसता पुसता मला म्हणाला, "तिने माझं ऐकलं नाही तर बरं."

"का? तेरा वर्षं त्याचंच तर वाईट वाटतंय तुला."

"दुसऱ्या कडव्यात माझा आवाज फाटलाय. आणि आईला खोटं बोलता येत नाही. तुला माहितीये." त्याने एकच ताट तिसऱ्यांदा पुसलं. "न ऐकता खोडलं, एवढं तरी आहे आत्ता. ऐकून नापास केलं तर मग काय उरलं?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस सदतीस वर्षांचा होऊनही निकालाची वाट बघतोय.

निरोपाच्या दिवशी सकाळी अकराला आम्ही तिघं कार्यालयात गेलो. सासूबाईंनी यादीवर सही केली, तारीख घातली, पेनाला टोपण लावलं. टाळ्या झाल्या. साहेब पुढे आले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला आमच्याकडून भेट. पंचवीस वर्षं ज्यांना नंबराने ओळखलंत, त्यांना आता कानाने ओळखा. हे घ्या शतकातलं पहिल्या नंबराचं!" रेडिओवाल्यांनी भलामोठा स्पीकर आणला होता. समितीचे तिघं पहिल्या नंबराबद्दल चक्क एका मताचे होते, आणि त्या आनंदात उभे होते.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "हे नको. आमचं लावा."

"तुमचं कुठलं?"

त्यांनी नंबर सांगितला. कागद न बघता, तेरा वर्षांपूर्वीचा नंबर, अक्षरं आकडे सगळे. मास्तरांनी यादीवरून बोट फिरवलं. "बाई, हे यादीत नाही."

"माहितीये. मीच काढलंय ते."

माझा नवरा दाराकडे सरकला. लिफ्ट नीट चालते का बघून येतो म्हणाला. त्या इमारतीला लिफ्ट नाही. मी त्याची बाही धरून ठेवली. सासऱ्यांनी पिशवीतून सीडी काढली. त्यांच्याकडे अजून तीस होत्या.

गाणं सुरू झालं. सासूबाई चष्मा काढून, हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. चेहऱ्यावर काही नाही. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटतो ती जागा आली, नवऱ्याने डोळे मिटले, आणि सासूबाईंनी हात वर केला.

"बंद करा."

खालच्या रस्त्यावर एक ट्रक मागे घेत होते, त्याचा भोंगा तेवढा वाजत होता.

"जरा मागे घ्या," त्या म्हणाल्या. "त्या ट्रकपायी दोन ओळी गेल्या माझ्या. आणि ती खिडकी लावा कुणीतरी."

खिडकी लावली. गाणं मागे घेतलं. आवाज पुन्हा त्याच जागी फाटला, सासूबाईंनी मान किंचित खाली घातली, आणि मग शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर त्यांनी चष्मा लावला. लेकाकडे बघितलं. मला इतकी भीती वाटत होती की मीच त्याची बाही सोडून हात धरला.

"बरं झालं तेव्हा ऐकलं नाही," त्या म्हणाल्या.

त्याने मान हलवली. त्याला ते अपेक्षितच होतं.

"ऐकलं असतं तर माझ्याच्यानं त्या तीस खोडवल्या नसत्या."

साहेबांनी तोंड फिरवलं. सासरे उघड उघड रडायला लागले, त्यांना कारण लागतच नाही काही. नवरा "आवाज फाटलाय ना गं दुसऱ्या कडव्यात," म्हणाला, लहान पोरासारखं.

"फाटलाय," सासूबाई म्हणाल्या. "ते मला सगळ्यात आवडलं. याच्यानंतरचं कुठलं? तेही लावा."

"याच्यानंतरचं नाही, आई. एकच केलं."

सासूबाईंनी टेबलावरची आपली पिशवी उचलली आणि खुर्ची आत सरकवली.

"मग कर की रे," त्या म्हणाल्या. "आता मोजायला मी नाहीये."