डॉक्टरसाहेबांची शिफारस

निजामाच्या राज्यात कळंबची माणसं दोघांनाच मनापासून भ्यायची, पोलिसाला आणि आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांना. पोलीस निदान काही घेऊन गप्प तरी बसायचा. डॉक्टरसाहेबांची सरकारी दवाखान्यातली नोकरी संपली होती, पण तपासायची सवय सुटली नव्हती. रस्त्यात कुणालाही काठीनं अडवून "जीभ दाखवा" म्हणायचे आणि काल काय खाल्लं, काय प्यालं, हे चारचौघांत सांगून मोकळे व्हायचे. एका लग्नात त्यांनी बाशिंग बांधलेल्या नवरदेवाला जीभ काढायला लावली, तेव्हा सोयऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची काठी वाजली की आई पानाचा डबा लपवायची. तरी घरात कुणाला ताप आला, की तिला त्यांच्याशिवाय दुसरं कुणी चालायचं नाही.

हैदराबादेला डॉक्टरी शिकायची, तर गावातल्या वजनदार माणसानं मुलाच्या चालचलनाची हमी द्यावी लागे. आमच्याकडे तो माणूस म्हणजे डॉक्टरसाहेबच. आदल्या वर्षी एका अडत्याच्या मुलाला तोंडाला शिंदीचा वास आला म्हणून त्यांनी घरी बसवलं होतं. शिंदीचा आणि लोकांचा ताप उतरवण्याचा काय संबंध, असं मला वाटायचं, पण विचारणार कोण? त्यात डॉक्टरीला जायचं ठरवलेला माझा थोरला भाऊ, दादा, तमाशाच्या फडातल्या एका बाईकडे जायचा, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. डॉक्टरसाहेब आमच्या ओसरीवर येऊन बसले, तेव्हा मी दाराआडून कान लावला.

"फडातल्या बाईकडं जातूस व्हय रं?"

"जातो," दादा म्हणाला. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"गावातली मोठी माणसं बी येत असतील तिथं. नावं सांग. आत्ता शिफारस देतो."

"सांगून टाक की, बाबा," वडील काकुळतीला आले.

"न्हाय सांगायचो." दादानं मान हलवली. "नका देऊ शिफारस."

काठी फरशीवर आपटली. संपलं सगळं, असं वाटून मला रडूच फुटलं.

डॉक्टरसाहेब उठले आणि वडिलांना म्हणाले, "त्याचं तिकडं जाणं मला लई वाईट वाटतं. पण लोकांचं दुखणं ह्याच्या पोटात ऱ्हाईल. धाडा ह्याला." जाताजाता दादाची जीभ बघायला मात्र विसरले नाहीत.

निजामी गेली. दादा डॉक्टर होऊन परतला, तोवर म्हातारे अंथरुणाला खिळले होते. दादाखेरीज कुणालाही त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. दार लावून दोघं आत बसायचे. ते गेले त्या दिवशी दादा लहान मुलासारखा रडला. त्यांना काय झालं होतं, हे मी त्याला कितीदा विचारलं. आता आम्ही दोघंही म्हातारे झालो आहोत. दादा अजून सांगत नाही.