मामांच्या टाचा

सर्वांना अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, आमच्या न्हाणीघरात वजरीला, म्हणजे टाचा घासायच्या त्या खरबरीत दगडाला, कायमची बंदी आहे. काल बायकोने बाजारातून नवी आणली आणि मी ती उंबऱ्यावरूनच परत पाठवली. आटपाडीकडचे माझे मामा जन्मभर मेंढरांमागे अनवाणी फिरलेले. टाचा अशा की बाभळीचा काटाच मोडावा. बहिणीच्या लग्नाला ते सांगलीत आले, तेव्हा नवरदेव पाया पडणार म्हणून मी त्यांचे पाय गरम पाण्यात बुडवून घासघासून गुलाबी केले. "आरं, ऱ्हाऊ दे की," मामा विनवत होते. आठवड्यातच रानात काटा आत घुसला आणि पाय भोपळ्याएवढा सुजला. "ती जाड कातडीच यांची तटबंदी होती, ती पाडली कुणी?" डॉक्टर कडाडले. सूज उतरली नाही तर पाऊल कापावे लागेल, म्हणाले. दोन दिवस मी खाटेशी बसून दिसेल त्या देवाला नवस बोललो. मामांकडे बघायची हिंमत नव्हती. तिसऱ्या सकाळी पट्टी सोडून डॉक्टर म्हणाले, "पाऊल वाचलं." मी रडतच पाया पडायला वाकलो, तसे मामा किंचाळले, "आवं डागदर, धरा त्येला! पायाला हात लावू दिऊ नगा!"