घरात पोचेपर्यंत माल माझा

बुकिंगला आलेल्या मालाच्या प्रत्येक डागावर काका आधी हात ठेवायचे. दावणीच्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, सबंध तळवा टेकून. मग म्हणायचे, "घरात पोचंस्तवर माल माजा. मग तुमचा."

भोरच्या स्टँडजवळ माझं काचेचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात काकांचं बुकिंग. स्वतःचा टेम्पो नाही. दुसऱ्यांच्या टेम्पोत माल घालून हिर्डोशी, मार्गासनी, पार पासलीपर्यंत पोचवायचे. त्यांच्या पावतीच्या तळाशी मात्र छापलेलं होतं की वाटेतल्या मोडतोडीस आम्ही जबाबदार नाही. मी एकदा चिडवलं, "काका, तुम्ही बोलता एक आणि पावती बोलते भलतंच."

"ते छापखान्याचं म्हननं हाय," ते म्हणाले. "माजं न्हवं."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्या बोलण्याला आपण हसतो आणि कामही त्यांच्याकडेच देतो.

एकदा हिर्डोशीच्या एका गृहस्थांनी भाचीच्या लग्नासाठी आरशाचं लोखंडी कपाट घेतलं आणि काकांकडे बुक केलं. कपाट पोचलं, पण आरसा वरपासून खालपर्यंत तडकलेला. दुसऱ्या दिवशी रुखवत मांडायचं होतं. मामाकडून फुटका आरसा आला, असं पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं. गृहस्थ पहिल्या एसटीने भोरला आले. टेम्पोवाला म्हणाला, "रस्ताच तसला हाय, गचकं बसनारच." कपाटवाला म्हणाला, "आमच्याकडून धड गेलंय."

बिचारे काकांच्या गाळ्यात येऊन मटकन बसले. "मग म्या भांडू तरी कुनाशी?"

"माज्याशी," काका म्हणाले. "माल तुमी माज्या हातात दिलाय. टेम्पोवाल्याला म्या हुडकला, तुमी न्हाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढी काच माझ्याकडे नव्हती. पुण्याहून यायला दोन दिवस लागले असते. काका उठले आणि मला घेऊन घरी गेले. त्यांच्या घरचं कपाट त्याच कारखान्यातलं, त्याच मापाचं होतं. आम्ही त्याचं आरशाचं दार बिजागऱ्यांतून उचकटून काढलं.

काकू दारात उभ्या होत्या. "आनि म्या कुंकू कुठं बगून लावू?"

"तांब्यातल्या पान्यात बग."

काकू बडबडत आत गेल्या आणि दाराला गुंडाळायला स्वतःची वाकळ घेऊन आल्या. काका ते दार मांडीवर घेऊन टेम्पोच्या हौद्यात बसले आणि हिर्डोशीला गेले. रंग जरा फिका होता म्हणे, पण लग्नघरात रंगाकडे कोण बघतंय!

येताना ते तडकलेलं दार घेऊन आले आणि आपल्या कपाटाला बसवलं. मी नवी काच घालून देतो म्हटलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. रोज दाढी करताना ही चीर दिसली, म्हंजी पुढल्या मालाची दोरी नीट आवळतो." काकू कुरकुरायच्या, "ह्यात माजी दोन तोंडं दिसत्यात." त्यावर काका म्हणायचे, "त्यातलं एक माजं समज." काकूंना हसू आवरायचं नाही. मला ती दोघं फार आवडायची.

गेल्या वर्षी काका गेले. गाळ्यात आता मोबाईलचं दुकान आहे. तिथे कुणी खोकं उतरवलं, की त्यावर हात ठेवायला काका येतील असं मला अजून वाटतं.

दिवस-कार्य झाल्यावर मी त्या कपाटाच्या मापाची काच कापून त्यांच्या घरी नेली. एकट्या बाईने रोज त्या फुटक्या आरशात कशाला बघायचं, असं माझ्या मनात आलं. काकू कपाटासमोर केस विंचरत होत्या. काच पाहिली तेव्हा त्यांनी फणी खाली ठेवली आणि आरशावर हात ठेवला, सबंध तळवा टेकून.

"नगं रं बाळा," त्या म्हणाल्या. "ह्यात आमी अजून दोघं दिसतो."