परत पाठवणारे नाना

नानांच्या लॅबमधून निम्मी माणसं रक्त न देताच परत जायची. केजच्या बसस्थानकामागे दोन खोल्यांत त्यांचा कारभार होता. बाकड्यावर बसलेल्याची आधी उलटतपासणी व्हायची. चहा घेतला का, गोळी खाल्ली का, रात्री किती वाजता जेवलात. उत्तर पटलं नाही की उद्या या. गिऱ्हाईक तुटतं म्हणून त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, कपाळाला हात लावायच्या. नाना ढिम्म.

मी मुलगी म्हणून जन्मलो आणि तेविसाव्या वर्षी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू केली. पुण्याच्या डॉक्टरांचा कागद घेऊन पहिल्यांदा नानांकडे गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "नाव काय लावू, दादा?" मला दादा म्हणणारे ते पहिलेच. रिपोर्टवर तुलनेलाही त्यांनी पुरुषांचेच आकडे लावले.

दर तीन आठवड्यांनी सुई आणि रक्त दोन सुयांच्या मधोमध, सकाळीच, हे त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. सुई नुकतीच घेतलेली असली की हार्मोन चढलेलं दिसतं आणि डॉक्टर फसतो, असं ते बजावायचे. तरी एकदा मी त्यांच्याशी खोटं बोललो. आमच्या गावाहून सकाळची जीप फक्त बाजाराच्या दिवशी मिळते आणि तेव्हा सुई घेऊन दोनच दिवस झाले होते; पुढच्या बाजाराआधी डॉक्टरांकडची तारीख होती. दहा झाले, असं सांगून मी हात पुढे केला. माझ्यावर विश्वास होता, म्हणून पुढचं काही विचारलं नाही त्यांनी.

आकडा भलताच वर आला. डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला. दोन महिन्यांनी, कधीची बंद झालेली माझी पाळी परत आली. दोन दिवस मी गोठ्यातच बसून होतो, कुणाला तोंड दाखवलं नाही.

शेवटी नानांपुढे जाऊन सगळं कबूल केलं. हाकलतील असंच वाटलं होतं. त्यांनी माझा रिपोर्ट काढून पाहिला. मग म्हणाले, "मशीन बरोबर हाय, दादा. चुकीचा दिवस आपण दोघांनी दिला. तुला यायला जीप हाय का, हे मी कवा इचारलंच न्हाई."

त्यांनी माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. नंतर योग्य दिवशी सकाळी सातला स्कूटरवर रक्ताच्या नळीसाठी बर्फाचा डबा बांधून स्वतः आमच्या दारात हजर. डोस पूर्ववत झाला. पुढची दोन वर्षं ते असेच येत राहिले.

शेवटच्या वेळी त्यांचे पाय सुजलेले होते, ओटा चढताना धाप लागली. तुमचं रक्त तपासलं का, म्हणून मी विचारलं. "माझं बघू की निवांत. तुजा दिवस टळाया नको."

पंधरवड्यात ते गेले. किडन्या कामातून गेल्या होत्या आणि ते त्यांना ठाऊक होतं, हे काकूंकडून तेव्हा कळलं. माझ्या खोट्यानंच त्या माणसाला स्कूटरवर बसवलं, हे मनातून जात नाही.

तिरडी उचलताना मी बायकांपासून लांब आणि पुरुषांच्याही मागे, भिंतीला टेकून उभा होतो. काकूंनी रडता रडता मान वर केली. "दादाला पुढं घ्या. त्यो खांदा देईल."

दोघं बाजूला सरले. मी खांदा दिला. नाना फार हलके झाले होते.