नकाशावरून उचललेलं गाव

माझ्या गावच्या पाटलाने शत्रूला गढीचा दरवाजा उघडून दिला, हे मला नववीत कळलं. शिकायला मी अकोल्यात मावशीकडे राहत होते. मराठीच्या बाई दर शनिवारी शेवटच्या तासाला एका गाजलेल्या ऐतिहासिक कादंबरीतलं प्रकरण वाचून दाखवत. आवाज खणखणीत. अंधारी रात्र, गढीवर मूठभर माणसं, पोटात अन्न नाही, आणि आतलाच एक जण कडी काढतो. त्या कडीच्या आवाजाला लेखकाने सबंध पान दिलं होतं. मग त्या माणसाचं नाव आलं, आणि त्याच्या पुढे गावाचं. माझ्या गावाचं.

सगळा वर्ग मागे वळला. मी तिसऱ्या बाकावर होते. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचंच का गं हे गाव?" मी हो म्हटलं. त्या हसल्या, वाईट हेतूने नसतील, पण हसल्या. सोमवारपासून माझं नाव 'दरवाजा' पडलं. ए दरवाजा, फळा पूस. ए दरवाजा, पाणी आण. शाळा सुटेपर्यंत, म्हणजे दहावीच्या निरोपापर्यंत, ते नाव पुसलं गेलं नाही.

आम्ही माळी. पातूरच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, थंडीत झेंडू. बाबा पहाटे माल घेऊन अकोल्याच्या बाजारात यायचे आणि विकून झालं की मावशीकडे चहाला थांबायचे. एकदा असेच आले. चहा झाल्यावर म्हणाले, "आपल्या गावावर काई पुस्तक निघालं हाये काय?"

त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाने, एका वकिलाने, मेथी घेता घेता म्हटलं होतं, "तुमच्या गावच्या लोकाईपासून जपून राहावं लागते बावा." बाबांना गंमत कळली नव्हती. मी शाळेच्या ग्रंथालयातून ती कादंबरी आणलेलीच होती. प्रकरण वाचून दाखवलं. बाबांना अक्षरओळख होती, पण एवढ्या लांब वाक्यांतून ते एकटे बाहेर आले नसते. ते मान खाली घालून ऐकत होते. मी संपवलं तेव्हा म्हणाले, "आपल्या गावात हे आडनावच नाई."

"मग खोटं असंन बाबा."

"छापलं हाये ना पोरी. जुनी गोष्ट हाये, असंन कोनी." मग पुस्तकाकडे बघत म्हणाले, "एवढ्या मोठ्या मानसानं उगाच कावून लिहिलं असंन?"

त्यानंतर बाजारात कुणी विचारलं, कोणत्या गावचे, तर बाबा म्हणायचे, "पातूरकडचा." आयुष्यभर स्वतःच्या मेहनतीचं खाल्लेला माणूस, आपल्या काट्यात कधी पासंग न ठेवलेला, आपल्या गावाचं नाव तोंडातून काढेनासा झाला. एका प्रकरणामुळे. या एका गोष्टीसाठी मी त्या लेखकाला कधी माफ केलं नाही आणि करणारही नाही.

यावरून मला कादंबऱ्यांचाच राग आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. मी वाचल्याशिवाय झोपू शकत नाही. जुन्या कादंबऱ्यांतली एक मी दर दोन-तीन वर्षांनी परत काढते. तिच्यात काहीच घडत नाही. एक विधवा आपल्या दिराशी घराच्या वाटणीवरून भांडते आणि हरते. पण त्यातल्या पिठाचा वास मला येतो, आणि ती बाई खोटं बोलते तेव्हा माझा श्वास अडकतो. अभिजात म्हणायचं तर मी त्या पुस्तकाला म्हणेन. आपल्याकडे मात्र अभिजात म्हणजे लग्नात भेट द्यायचं, काचेच्या कपाटात ठेवायचं, आणि ज्याच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की न वाचलेल्यांनीही चवताळून उठायचं, असं पुस्तक.

आणि ऐतिहासिक कादंबरी! तिच्यात कुणाचं पोट बिघडत नाही. कुणी कुणाला 'जेवलास का' विचारत नाही. राजापासून हुजऱ्यापर्यंत सगळे एकाच भाषेत बोलतात, तीही अशी की प्रत्येक वाक्याला तुरा. बाया दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या; तेवढंच त्यांचं काम. शत्रूचे डोळे लाल. फंदफितुरी करणारा माणूस काळा, किडकिडीत, कुठल्याशा आडबाजूच्या गावचा. आमच्या वऱ्हाडी बोलीत बोलणारा कुणी आलाच तर तो घोड्याला खरारा करणारा, आणि त्याचं काम वाचकाला हसवणं. आमच्या मुलखात कुणी विचार केला नाही? कुणी घाबरून रात्र काढली नाही? घोड्याला खरारा करणाऱ्याला मुलंबाळं नव्हती? हे प्रश्न मला विशीतच पडायला लागले आणि त्यांनी माझं वाचन नासवलं म्हणा किंवा सुधारलं म्हणा.

कॉलेजात असताना तोच लेखक अकोल्याला व्याख्यानाला आला. सभागृह भरून बाहेर पायऱ्यांवर लोक. देखणा माणूस, रेशमी झब्बा, आवाजाची फिरत अशी की बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. तो म्हणाला की आपण एकही ओळ आधाराशिवाय लिहिलेली नाही. कागद बोलले तेव्हाच आपण बोललो. टाळ्या थांबेनात.

नंतर सह्यांची रांग लागली. मी उभी राहिले. हातात पुस्तक. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "सर, दरवाजा उघडणारा पाटील आमच्या गावचा दाखवलाय तुम्ही. ते कुठल्या कागदात आहे?"

त्याने वर पाहिलं. चेहऱ्यावर खरोखरचा आनंद. "अरे वा! म्हणजे असं गाव आहे का खरंच?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मला एका जुन्या नकाशावर दिसलं हो ते नाव," तो म्हणाला. "उच्चारायला छान. वाक्याच्या शेवटी बसणारं नाव मिळत नव्हतं कुठलं." शेजारी उभ्या असलेल्या आयोजकांकडे वळून तो म्हणाला, "पाहा, कल्पनेतलं गाव माणसासारखं समोर येऊन उभं राहिलं!" सगळे हसले. त्याने पुस्तकावर लिहिलं, 'त्या गावच्या लेकीस, सप्रेम'. आणि पुढच्याचं पुस्तक हातात घेतलं.

मी रागाने बाहेर आले. तास-दीड तासापूर्वी हाच माणूस म्हणाला होता की कागद बोलल्याशिवाय मी बोलत नाही. आमचं गाव त्याने वाक्याच्या शेवटी बसवलं होतं, खिडकीला खिळा ठोकावा तसं. तिथे माणसं असतील, ती अकोल्याच्या बाजारात मेथी विकत असतील, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

रविवारी गावी गेले आणि बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांच्या छातीवरचा दगड उतरेल. ते वाफ्यात पाणी सोडत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते तुले तसं म्हनाले असतीन. लहान पोरगी पाहून. वाईट वाटू नये म्हनून."

"बाबा, त्यांनी स्वतः सांगितलं मले! नकाशावरून घेतलं म्हणे!"

"असू दे," ते म्हणाले आणि फावड्याने पाण्याची दुसरी दांडी फोडली. छापील शब्दापुढे माझा शब्द टिकला नाही. बाबा गेले तेव्हाही ते पातूरकडचेच होते.

लग्न होऊन मी अमरावतीला आले. राजापेठेत आमचं घर, खाली यजमानांचं स्टेशनरीचं दुकान, वर शिकवणीचे वर्ग. दिवसभर गाड्यांचे हॉर्न आणि पाढ्यांचा गोंगाट. त्या गोंगाटात मी वाचत राहिले. जवळच्या वाचनालयात माझ्याइतकी पुस्तकं कुणी नेत नसावं, कारण गेल्या हिवाळ्यात त्यांनी एका चर्चेला मला 'सामान्य वाचक' म्हणून बोलावलं. विषय तीच कादंबरी. तिची नवी, जाड पुठ्ठ्याची आवृत्ती निघाली होती. लेखक कधीच वारला होता. प्रमुख पाहुणे निवृत्त प्राध्यापक, पुण्याहून आलेले.

पाहुण्यांनी पाऊण तास स्तुती केली. हा ग्रंथ म्हणजे जिवंत इतिहास आहे, नव्या पिढीने इतिहास शिकावा तो इथूनच. मग माझ्या हातात माइक आला. मी शांतपणे बोलायचं ठरवून गेले होते. पहिली दोन-तीन वाक्यं जमली. लेखकाने मला अकोल्यात काय सांगितलं ते सांगितलं आणि विचारलं, "मग जिवंत इतिहास कसा म्हणायचा याला?"

पाहुणे समजूतदारपणे हसले. "ताई, ही कादंबरी आहे. कादंबरीकाराला कल्पनेचं स्वातंत्र्य असतं."

"आत्ताच तुम्ही इतिहास म्हणालात."

"व्यापक अर्थाने."

माझा तोल तिथे गेला. "व्यापक अर्थानं माझ्या बापानं गावाचं नाव घेनं सोडलं जी! स्तुती करायची तवा इतिहास, अन् कोनी पकडलं का कादंबरी? एकच काई तरी ठरवा ना! स्वातंत्र्य पाहिजे तर गावाचं नावही स्वतःचंच बनवा. आमचं कावून घेता?"

पाहुण्यांनी मान तिरकी केली आणि माइकमध्ये म्हणाले, "काय गोडवा आहे बघा या बोलीत!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याच लोकांनी. मी भांडत होते आणि त्यांना ते गाणं वाटलं. त्या टाळ्या मला शिवीपेक्षा जास्त लागल्या. मी माइक टेबलावर आपटला तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या. अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानायला सुरुवात केली. बाहेर चप्पल घालताना वाचनालयाचे चिटणीस जवळ येऊन म्हणाले, "ताई, बाहेरच्या पाहुण्यांसमोर असं बरं दिसत नाही." मी म्हटलं, "मलाही नाही बरं वाटलं." त्यानंतर त्यांनी मला कधी बोलावलं नाही. पुस्तकं मी अजूनही तिथूनच आणते. वर्गणी भरते, त्यांच्या मेहरबानीवर वाचत नाही.

कुणीतरी माझ्या बोलण्याचं मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते फिरत फिरत गावात पोचलं आणि माझ्या चुलतभावाचा फोन आला. मला वाटलं, तो तरी म्हणेल, बरं केलंस.

"ताई, कावून वाढवून राहिली तू?" तो म्हणाला. "आमचं काम बिघडवशीन."

"कोणतं काम?"

"तू ये तर खरी. पाहाय एकदा."

मी पुढच्याच आठवड्यात गेले. फाट्यावर नवी कमान होती, तिच्यावर दोन रंगवलेले घोडे. गावात शिरल्यावर शाळेमागे जुन्या दगडी भिंतीतलं एक दार, चुना मारलेलं, आणि शेजारी फलक: 'इतिहासप्रसिद्ध दरवाजा'. पातूरची लेणी पाहायला येणाऱ्या सहली आता इथेही वळतात. भावाने दारासमोर रसवंती टाकली होती.

हसावं की रडावं असं मला झालं. "अरे, हा कोंडवाडा आहे! आपली म्हैस कोंडली होती इथं. काकांनी सोडवून आणली होती, आठवत नाही?"

"आठवते ना."

"मग?"

"मंग काय?" तो म्हणाला. "लोकाईले दरवाजा पाहाचा हाये. दाखवून राहिलो."

"गावाला फितुराचं गाव म्हणतात, त्याची लाज नाही वाटत?"

"कोनाचा फितूर, ताई? तूच म्हनते ना, असा मानूस झालाच नाई. मंग लाज कायची?"

माझा राग दुप्पट झाला. ज्या नावाने एका माणसाने आयुष्यभर मान खाली घातली, तेच नाव आता उसाच्या रसासोबत विकलं जात होतं, आणि दोन्ही वेळी खरं काय याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. सरपंचांकडे गेले. ते म्हणाले, फलक ग्रामसभेने लावलाय, ग्रामसभेतच बोला. मी बोलले. पुढच्या ग्रामसभेला मुद्दाम अमरावतीहून जाऊन बोलले. म्हाताऱ्यांपैकी तिघा-चौघांनी कोंडवाड्याला दुजोरा दिला. फलक काढायचा ठराव मताला आला आणि पडला.

आता महिन्या-दोन महिन्यांतून मी तिकडे जाते. दाराजवळच्या ओट्यावर बसते. मागच्या खेपेला अकोल्याच्या एका कॉलेजची सहल आली होती. त्यांच्या सरांनी प्रकरणातला उतारा पाठ म्हणून दाखवला, कडीचा आवाजही काढला. ते संपल्यावर मी उठले आणि सांगितलं, हा कोंडवाडा आहे, इथे गुरं कोंडत. लेखकाने गाव नकाशावरून घेतलं, हे त्याने मला तोंडाने सांगितलं. सर कसनुसं हसले. मुलं मोबाइलकडे वळली. एक मुलगी तेवढी थांबली.

"मग ती कादंबरी वाचायची नाही का?" तिने विचारलं.

"वाच," मी म्हटलं. "आणि रागाव."

"कोणावर?"

भाऊ रसाचे ग्लास घेऊन मध्ये आला आणि मला म्हणाला, "ताई, पोरीले रस तर पिऊ दे." मुलीने ग्लास घेतला. माझ्यासमोरही त्याने एक धरला. मी घेतला नाही.